समोरच्याकडे जेवा

ता. ६ जानेवारी

चि. बापूस,
ताईचे अ. उ. आ. वि. वि. तू सुचवलेलं स्थळ अखेर तुझ्याच गळ्यात पडलं बरं का! चिऊचं लग्न मार्चच्या आरंभी ठरलं, आणि तेही तुमच्या बंदरावर. जावईबापूंना क्रेन सोडून फार दिवस येता येत नाही, म्हणून वऱ्हाडच तिकडे न्यायचं.

माझ्या शिवणाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. लोकांच्या मुलींचे कपडे वेळेवर देतेय आणि स्वतःच्या मुलीचे अजून कातरलेसुद्धा नाहीत. चिऊचे बाबा रोज विचारतात, काही मदत करू का, आणि उत्तर ऐकायच्या आत पेपर उघडतात.

आता तुझं काम. आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी समुद्र पाहिलेला नाही. सगळे लग्नाच्या आधीच येऊन राहणार. तेव्हा काय पाहायचं, कुठे काय खायचं, ते सविस्तर लिही. मी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवीन. आमचे थोरले दीर, म्हणजे आपले ‘न्यायाधीश’, जेवणाच्या पहिल्या घासाला निकाल देतात हे तुला माहीत आहेच. त्यांना मी आताच सांगून ठेवलंय की लग्नाच्या आदल्या दिवशी सगळ्यांचं जेवण माझ्या भावाच्या खानावळीत, आणि तिथे अपील चालत नाही. चिऊ तर आतापासून मामाच्या हातच्या माशाच्या रश्श्याच्या नावानं बोटं चाटतेय.

वहिनीला माझी आठवण सांग. तुझ्या चुलीइतकाच तुझा लोभही गरम राहू दे.
तुझी ताई


ता. १५ जानेवारी

ती. ताईस,
बापूचा शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून फार आनंद झाला. चिऊ आता या गावची होणार!

पाहुण्यांना सकाळी लवकर उठव आणि धक्क्यावर आण. होड्या लागतात, मासळीचा लिलाव होतो. लिलाववाला इतक्या वेगानं बोलतो की तो विकतोय की भांडतोय ते कळत नाही. तिथून पुढे दीपगृह. जिना गोल आणि अरुंद आहे, तेव्हा न्यायाधीशांना सर्वांत शेवटी चढव, मध्ये अडकले तर मागचे अडकायला नकोत. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी वाळूची पट्टी उघडी पडते, तिच्यावरून चालत गेलं की दोन्ही बाजूंनी पाणी. सुंदर दिसतं म्हणतात. मी इतकी वर्षं इथे राहून गेलेलो नाही, ओहोटीच्या वेळी माझी नेमकी जेवणाची गर्दी असते.

आता खाणं. स्टेशनच्या मागच्या बेकरीतला पाव भट्टीतून निघतो तेव्हाच घ्यावा. चहा जकातनाक्याजवळच्या म्हातारीकडे. आणि जेवायला माझ्या समोरची खानावळ. उंच मालक आहे, सगळे त्याला उंट म्हणतात. त्याचा रस्सा चांगला असतो. आदल्या दिवशीचं जेवणही त्याच्याकडेच ठेवावं असं मला वाटतं. माझ्याकडे जागा अपुरी पडेल, शिवाय त्या सुमारास दुरुस्ती काढायचा विचार आहे.

भावोजींना नमस्कार. रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.
तुझा बापू


ता. २३ जानेवारी

चि. बापूस,
अ. आ. तुझं पत्र दुकानात मोठ्यानं वाचत होते. न्यायाधीश जिन्यात अडकतील इथपर्यंत सगळ्या बायका हसत होत्या. पुढे उंटाच्या खानावळीचं आलं. खोकला आल्यासारखं करून पत्र मिटलं.

ज्या उंटाचं नाव तुझ्या घरात काढायची सोय नाही, त्याचा रस्सा चांगला? आणि दुरुस्ती? भाचीच्या लग्नात? बापू, मी तुझी बहीण आहे, तुझं गिऱ्हाईक नाही. आमच्या गल्लीतला ट्रकवाला परवा बंदरावरून आला. त्याला विचारलं तर म्हणाला, भर दुपारी तुझे बाक रिकामे होते आणि तू एकटाच फडकं घेऊन ते पुसत होतास. मला रात्रभर तेच बाक दिसत राहिले.

वहिनीचं आणि तुझं बिनसलंय का? खानावळ विकायला काढलीस का? की माझंच काही चुकलं? जे असेल ते लिही. गोड लिहू नकोस, खरं लिही. तुझ्या पत्राची वाट पाहणारी आणि तुझ्यावर जीव असणारी,
ताई


ता. १ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. ताई, मला वास येत नाही.

ऑक्टोबरात ताप आला होता. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. पहिल्यांदा वाटलं सर्दी असेल. मग एक दिवस कांदा परतत होतो आणि समोरून धूर आला, तेव्हा कळलं की तो कधीचा काळा पडलाय. जिभेला खारट, आंबट, गोड एवढं कळतं. बाकी तोंडात नुसता गरम लगदा. मी स्वतःचा रस्सा खातो आणि कुणीतरी माझी थट्टा करतंय असं वाटतं.

हातांना सवय आहे म्हणून काही दिवस निभावलं. पण मसाला कच्चा राहिला की भाजला हे हात सांगत नाहीत. दीपगृहाचा रखवालदार इतकी वर्षं माझ्याकडे जेवतो. त्यानं एकदा ताट हळूच पुढे सरकवलं आणि भूक नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो उंटाच्या दारात दिसला. नंतर एकदा आदल्या दिवशीचं कालवण मी तसंच गरम करून वाढलं, आणि धक्क्यावरचे दोन हमाल उलट्या करून आडवे झाले. बरे झाले बिचारे. पण ताई, ते मेले असते तर? मी ते पातेलं नाकाशी धरून पाहिलं होतं. मला पाण्याचा आणि त्याचा फरक कळला नाही.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणार नाही. एवढं सांगायला ते कशाला हवेत!

हिला सांगितलेलं नाही. हिला वाटतं मी आळशी झालोय, कामात लक्ष नाही. रोज भांडण होतं आणि मी ते होऊ देतो. स्वयंपाक्याला वास येत नाही हे एकदा तोंडाबाहेर पडलं की मी कोण राहतो? मला दुसरं काही येत नाही. सकाळी कुलूप उघडताना हात जड होतात.

चिऊला काही सांगू नकोस. तिला म्हणावं मामाकडे दुरुस्ती आहे. तू मात्र मला टाकू नकोस.
बापू


ता. ९ फेब्रुवारी

चि. बापूस,
अ. आ. पत्र वाचलं आणि मशीनवर डोकं ठेवून रडले. मग उठले, कारण रडून काही शिवून होत नाही.

माझ्या डोळ्यांना उद्या दिसेनासं झालं तर मी कोण राहीन? तुझी ताईच ना? मग तूही बापूच आहेस. जेवण कुठेही होऊ दे, त्याची काळजी सोड.

पण वहिनीला सांग. हे पत्र खाली ठेव आणि आत जाऊन सांग. तिच्याशी भांडून तू तिला एकटं पाडतोयस, आणि स्वतःलाही. शिवाय न्यायाधीशांनी नवीन टूम काढलीय. लग्नाचा हॉल स्वतः पाहायचा म्हणून ते जोडीनं आधीच निघणार आहेत. त्यांना थांबवणं देवाच्या बापाला जमणार नाही. उतरले की पहिला चहा तुझ्याकडे पितील. त्याच्या आत घरात उघडपणे बोलून टाक.

एवढं ऐकशील ना? माझी शपथ घालत नाही, तुझ्या मायेवर सोडते.
ताई


ता. २१ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि. आधी सांगते की सगळे सुखरूप आहेत. एवढं वाचून पाणी प्या आणि मग पुढचं वाचा.

काल तुमचे थोरले दीर आणि जाऊबाई गाडीतून उतरून थेट खानावळीत आले. मी भाजी आणायला गेले होते. ह्यांनी त्यांना बसवलं, चहासाठी दूध शेगडीवर ठेवलं आणि बाहेर येऊन दीपगृहाबद्दल, वाळूच्या पट्टीबद्दल सांगत बसले. आत दूध उतू गेलं. ज्योत विझली, गॅस चालूच राहिला. थोरल्या भाऊजींनी विचारलं, हा कसला वास येतोय? तर हे म्हणाले, बंदरावर असा वास असतोच, दोन दिवसांत सवय होईल. वर हसले म्हणे. जाऊबाईंनी नाकाला रुमाल लावला आणि बिचाऱ्या गप्प बसल्या, पाहुण्यांनी नावं ठेवू नयेत म्हणून!

मी मागच्या दारानं आले आणि दारातच मला कळलं. हे शेगडीसमोर उभे होते. विझलेली पाहून पुन्हा पेटवायला निघाले होते. काडी पेटीला टेकवलेली. हातातली पिशवीच मी त्यांच्या अंगावर फेकली. काडेपेटी सांडलेल्या दुधात पडली. मी बटण बंद केलं, दारं-खिडक्या उघडल्या आणि सगळ्यांना ओढत रस्त्यावर काढलं. तिथे, समोरच्या खानावळीतली माणसं बघत असताना, मी ह्यांना विचारलं की तुम्हाला वास आला नाही का. हे म्हणाले, ऑक्टोबरपासून येत नाही.

वन्सं, मग ह्यांच्याच तोंडून मला कळलं की तुम्हाला हे आधीच माहीत होतं. खरं सांगते, आपण सगळे उडून गेलो असतो हा विचार नंतर आला. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की बहिणीला सांगितलं आणि मला नाही. इतके महिने मी ह्यांना आळशी म्हटलं. हमाल आजारी पडले तेव्हा तर नको ते बोलले. खरं कळलं असतं तर तो शब्द मी तोंडातून काढला असता का? मला असं वाईट का होऊ दिलं?

थोरले भाऊजी बराच वेळ धक्क्यावरच्या दगडावर बसून होते. म्हणाले, मी कुणाजवळ बोलणार नाही, पण तुमच्या खानावळीत पुन्हा पाय ठेवणार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे.

हे कालपासून स्वयंपाकघरात गेलेले नाहीत. पुढच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसतात. जेवत नाहीत. समुद्राकडे फार बघतात. मला भीती वाटते, म्हणून धक्क्यावर एकटं जाऊ देत नाही. राग आहे तो आहेच, पण तुम्ही लवकर या. माझ्यावरची माया कमी करू नका.
तुमची वहिनी


ता. २४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
अ. आ. तुझा राग खरा आहे आणि तो मी तिथे येऊन समोर बसून ऐकीन. तुला मीच दोन ओळी लिहायला हव्या होत्या. बापू सांगेल या भरवशावर बसले.

मी निघतेय. पत्र आधी पोचेल की मी, सांगता येत नाही. चिऊचे राहिलेले टाके तिथे बसून घालीन. समोरच्या मालकांशी जेवणाचं मीच बोलते. तोवर बापूला भिंतीसमोर बसू देऊ नकोस. पाहुण्यांना गाव दाखवायला बाहेर काढ. त्याच्या पायांना काही झालेलं नाही. नाही म्हणाला तर सांग, ताईनं कान धरायला सांगितलाय.

तू त्या दारातून वेळेवर आलीस. जन्मभर तुझी,
ताई


ता. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. सगळे नीट पोचलात हे कळलं. न्यायाधीशांनी घरी जाऊन दीपगृहाच्या जिन्याविरुद्ध निकाल दिला असेलच. पण वाळूच्या पट्टीवर ते चपला हातात घेऊन माझ्या शेजारून चालत होते तेव्हा एकाएकी म्हणाले की त्या दिवसापासून काडी पेटवताना त्यांना घाम फुटतो. मी म्हटलं, मलाही. मग आम्ही दोघं पट्टीच्या टोकापर्यंत चालत गेलो. बरं वाटलं.

तू समोर बोलायला गेलीस तेव्हा मी गल्ल्यामागे लपून बघत होतो. लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही सगळे तिथे जेवलात. मीही जेवलो. उंट स्वतः वाढायला आला आणि माझ्याशी इतक्या वर्षांनी बोलला. म्हणाला, तुझं गिऱ्हाईक माझ्याकडे यायला लागलं तेव्हा मी खूश झालो होतो, आता ते आठवून घास उतरत नाही. मी त्याला काय सांगणार? त्याचा रस्सा मला लगदाच लागला.

एक गोष्ट तुला तिथे सांगता आली नाही. चिऊ निघताना माझ्या गळ्यात पडली आणि मी मोठ्यानं रडलो. सगळे म्हणाले मामाचा जीव तुटतोय. तुटत होताच. पण ताई, मी तिकडे राहायचो, तू दुकानात जायचीस आणि तिला माझ्याकडे ठेवायचीस तेव्हापासून तिच्या डोक्याचा वास मला माहीत आहे. दुधाचा, ऊन लागलेल्या कापडाचा, आणखी कशाचा तरी. मी तिच्या केसांत नाक खुपसून तो शोधत होतो. पोर माझ्या हातांत होती आणि तिथे कुणीच नव्हतं. तिनं विचारलं, मामा, एवढं घट्ट का धरलंस? मला सोडवेना.

तुम्ही गेल्यावर मी किल्ल्या समुद्रात टाकायला निघालो होतो. हिनं अडवलं नाही. बरोबर चालत आली. धक्क्याच्या टोकाशी गेल्यावर म्हणाली की किल्ल्या तुमच्या आहेत, टाका, पण निम्मी खानावळ माझी आहे, तेव्हा मला विचारून टाका. मी विचारलं. ती नाही म्हणाली. परत आलो.

त्यानंतर कित्येक दिवस चूल पेटली नाही, बेकरीचा पाव खाऊन राहिलो. बोलणंही तुटक. मला वाटलं हिचा राग आता असाच राहणार. तो अजून गेलेला नाही, ती स्वतःच तसं सांगते. पण चार दिवसांपूर्वी सकाळी हिनं स्टूल आणून शेगडीजवळ ठेवलं, त्यावर बसली, आणि म्हणाली, तुम्ही करा, वास मी घेते.

कांदा टाकला. हिला विचारायचं, ही सांगणार. अजून कच्चा. आता जरा गोडसर. आता उतरवा, उतरवा म्हणते ना! मसाल्याचा वास कसा येतोय विचारलं, तर बराच विचार करून म्हणाली, तुमच्या सदऱ्यासारखा. वासाचं सांगणं हिला येत नाही आणि ऐकून करणं मला येत नाही. पहिलं पातेलं फुकट गेलं, दुसरं आम्ही दोघांनी खाल्लं. चांगलं झालंय म्हणाली. माझा विश्वास बसला की नाही ते मला माहीत नाही, पण मी पुन्हा वाढून घेतलं.

खानावळ उघडेल का, मला ठाऊक नाही. वास परत येईल असं डॉक्टर आताही म्हणत नाहीत. रात्री दचकून उठतो. पण सकाळी शेगडीपाशी जातो, हातात काडी घेतो आणि थांबतो. ही मान पुढे करून हवा हुंगते. ओढा म्हणते. मग ओढतो.

भावोजींना नमस्कार. आम्हा दोघांवर लोभ ठेव, आणि थोडा जास्त हिच्यावर.
तुझा बापू