दखल घेतली

प्रिय तृप्ती,

तुझा फोन चार दिवस बंद आहे. सकाळी लावला, दुपारी लावला, निरोप टाकले, एकही पोचला नाही. म्हणून कागद घेतला. उद्या रविवारी गोरक्ष तुमच्या सुरगाण्याच्या बाजूला टॉवरच्या बॅटऱ्या बदलायला येतो आहे. पत्र तुझ्याच हातात द्यायचं, घरच्यांच्या नाही, असं त्याला बजावलं आहे. सोमवारी अकरापर्यंत तुझी सही असलेला कबुलीचा कागद ऑफिसात पोचायला हवा, हे मला ठाऊक आहे. सही झाली की तुझी नोकरी गेली, हेही ठाऊक आहे. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पेन हातात घेऊ नकोस.

आधी वाघदरीच्या सहादूची बातमी. तो अजून सिव्हिलमध्येच आहे. काल मी जाऊन आले. सूज गुडघ्याखाली उतरली आहे, पायाची दोन बोटं वाचतील की नाही ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. त्याच्या बायकोला, नवसाबाईला, मी नेटवर्कच्या ऑफिसातून आले एवढंच सांगितलं. ती रागावेल अशी माझी तयारी होती. तिने मला बसायला स्टूल दिलं. साप चावल्यावर घरातल्या तीन फोनवरून दीड तास ॲम्ब्युलन्सला फोन लावत होतो, टॉवर बंद म्हणून एकही लागला नाही, मग कुणाची तरी जीप मिळाली, असं सांगत होती. सांगताना रिकामा हात कानाला लावून दाखवत होती. मला तिथे पाच मिनिटंही बसवेना.

तुझ्या जागी निकिताला बसवलंय. मुलगी चटपटीत आहे, पण पडद्यावर लाल ठिपका उमटला की खुर्चीतून उठते. मी तिला रागावत नाही. हल्ली मीही उठते. चारशे टॉवरांचा नकाशा तीस वर्षं या ना त्या रूपात पाहिला, पण आता हिरवा ठिपकासुद्धा मला खरा वाटत नाही. घरी जेवताना मध्येच ऑफिसात फोन करून विचारते, वाघदरी चालू आहे ना? निकिता म्हणते, हो मॅडम, तासाभरापूर्वीच विचारलंत.

तू रुजू झालीस तेव्हाचं आठवतं का? तेव्हा सॉफ्टवेअर नुकतंच मराठीत आलं होतं. इशाऱ्यासमोरच्या 'ॲक्नॉलेज' बटणाला आम्ही आयुष्यभर 'ॲक' म्हणत आलो, त्यावर आता 'दखल घेतली' असं लिहून आलं. तू हसलीस. म्हणालीस, आमच्या पाड्यावर साहेब लोक असंच म्हणून जातात, मग वर्षभर कुणी फिरकत नाही. सगळे हसले आणि मी तुला झापलं, कामाच्या जागी टवाळी नको म्हणून. तुझं बरोबर होतं. ते बटण दाबलं की लाल ठिपका फिका पडतो, एवढंच. बॅटरी भरत नाही, डिझेलचा जनरेटर घेऊन कुणी निघत नाही. आणि वाईट म्हणजे त्या टॉवरचे पुढचे इशारे त्याच फिक्या ठिपक्याच्या पोटात जातात, पुन्हा लाल होत नाहीत. टॉवर पार बंद पडला तरी.

पण नियम माझाच होता. पाळी सोडताना पडदा स्वच्छ हवा. पुढच्या माणसाच्या गळ्यात आपले लाल ठिपके घालायचे नाहीत. किती पोरींना मी यावरून रडवलं असेल. इंजिनिअरिंगला आमच्या वर्गात एकोणपन्नास मुलगे आणि आम्ही दोघी होतो. आपल्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून वही, टेबल, खुर्ची सगळं लख्ख ठेवायची सवय लागली. ती सवय म्हणजेच काम, असं मी मानत आले. तुम्हालाही तेच शिकवलं. दोन वाजत आले की तुमची बोटं आपोआप त्या बटणाकडे जायची, विचार न करता.

म्हणूनच चौकशीत यादव साहेबांनी तुला विचारलं, तेव्हा तू तसं बोललीस. एक बावन्नला वाघदरीचा बॅटरीचा इशारा तुझ्या नावाने दाबला गेलाय, हे त्यांनी छापून समोर ठेवलं. तू तो कागद वाचलास आणि म्हणालीस, "आठवत नाही सर, पण मीच दाबलं असणार. हाताला सवय आहे." मी तुझ्या शेजारी बसले होते.

तृप्ती, तुला आठवत नाही, कारण तू ते दाबलंच नाहीस. एक बावन्नला तू खाली गेटवर होतीस. तुझ्या भावाने चांदवडच्या बसने पाठवलेली पिशवी घ्यायला मीच तुला सोडलं होतं. तुझा पडदा उघडा होता, त्यावर सात लाल ठिपके होते, आणि दोन वाजता साहेब पाहुणे घेऊन येणार होते. मी तुझ्या खुर्चीत बसले आणि सातही एकदम निवडून बटण दाबलं. वाचलं नाही. तू वर आलीस तेव्हा मी उठून माझ्या टेबलावर गेले होते. चौकशीत एक वाक्य बोलायचं होतं. निवृत्तीला पाच महिने राहिलेत, हे मनात आलं आणि तोंड उघडलं नाही. त्यानंतरचे अकरा दिवस मी तसेच काढले. आज दुपारी यादव साहेबांच्या टेबलावर सगळं लिहून दिलंय. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, तृप्तीचा कागद येऊ दे, मग बघू. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दोन कबुल्या एका टेबलावर आल्या तर ते सोयीची उचलतील, आणि त्यांच्या सोयीची तुझी आहे. म्हणून हे पत्र. सही करू नकोस. केली असलीस तर कागद पाठवू नकोस, आणि पाठवून झाला असेल तर सोमवारी स्वतः येऊन तो माझ्यासमोर परत माग. तुझी माफी मी तेव्हाच मागेन, सगळ्यांच्या देखत. तुझं भाडं गोरक्षजवळ दिलेलं नाही, तू त्याच्याच गाडीत बसून ये.

तुझीच, या पत्रापुरती तरी 'मॅडम' नसलेली,
वत्सला गायधनी