फुललेल्या बेटातली काठी

बाबा, घरामागचं बांबूचं बेट फुललं आहे. तुम्ही सांगायचात, बांबू जन्मात एकदाच फुलतो आणि मग अख्खं बेट वाळून जातं. तुमच्या हयातीत ते फुललं नाही. आता प्रत्येक काठीच्या टोकाला वाळक्या लोंब्यांसारखे तुरे आले आहेत, पानं गळाली आहेत, आणि मुरबाडहून एसटीने येताना वैशाखऱ्याच्या वळणावरूनच ते पिवळं पडलेलं दिसतं. गळाची काठी करायची तर याच फाल्गुनात तोडायला हवी. बी गळून गेल्यावर बांबू ठिसूळ होतो. म्हणजे तुमच्या बेटातली माझी पहिली काठी आता, नाहीतर कधीच नाही.

शाळेत जायच्या आधी मी आकडे शिकले ते याच बांबूच्या पेरांवर. तुम्ही काठी आडवी धरायचात, मी एकेका पेरावर बोट ठेवत जायचे. निवडायलाही तुम्हीच शिकवत होतात. मला तो दिवस अजून दिसतो. तुम्ही कोयत्याच्या पाठीने एकेक बांबू ठोकता, कान देता, पुढे जाता. मी मात्र पळत जाऊन सगळ्यांत सरळ, हिरवागार, चकचकीत बांबू धरते. तुम्ही त्याच्या बुडाला चिकटलेली खोळ बोटाने उचलून दाखवता. "अगो, ह्यो अजून लंगोटात हाय! नवरा बगायला गेलीस आन् अंगणात खेळणारं पोर पसंत केलंस?" आई चुलीपुढून हसते, मला रडू येतं. मग तुम्हीही हसायचं थांबता. "यंदाचा कोंब दिसतो सरळ, पन पयल्याच मरळ माशाच्या हिसक्याला मोडतो. डोळ्यानं घाई करायची नाय."

त्या दुपारी मी बेटाभोवती फिरत राहिले आणि एक बारीक, भरीव बांबू निवडला. तुम्ही ठोकून पाहिलात, मान डोलावलीत. आईच्या जुन्या नायलॉनच्या साडीचा हिरवा काठ फाडून माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर बांधलात. "ह्यो तुजा. एक होळी जाऊ दे, पिकू दे. मंग तोडू." ती होळी तुम्ही पाहिली नाहीत. पावसाळ्यातच काविळीने गेलात.

मी तो तोडला नाही. दरवर्षी होळी झाली की अंधाऱ्या पंधरवड्यात कोयता घेऊन बेटात जायचे, कारण चांदण्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो हे मला पाठ होतं. चिंधीपाशी उभी राहायचे आणि परत यायचे. पिकला की नाही, हे तुम्ही सांगायचं होतं. बांबू पहिल्या पावसाळ्यात वाढतो तेवढाच. म्हणून चिंधी होती तिथेच राहिली आणि मी वाढत गेले. आता ती माझ्या कमरेशी येते.

या आठवड्यात त्याला हात लावला तर बोटांना पिवळं पीठ लागलं. भुंग्याने आतून पोखरलाय. शेंडा केव्हाच मोडलेला. भुंगा लागू नये म्हणून ज्याच्यासाठी दरवर्षी पंधरवडा पाळला, तो उभ्या उभ्या भुंग्यानेच खाल्ला. शहापूरला कामाला असलेला माझा चुलतभाऊ म्हणाला, "ताय, कशाला जीवाला लावून घेतेस? फायबरची मागवतो. भातसा धरणावर सगळे तीच घेऊन बसतात, घडी करून पिशवीत मावते." मी नको म्हटलं. सलग काही सकाळी बेटाभोवती फिरले, अमावस्या किती दिवसांवर आली ते कॅलेंडरवर पुन्हा पुन्हा पाहिलं. शेवटी आई चहाचा कप घेऊन मागे आली. "एवढ्यात तुजा नवरा पन ठरला असता गो."

"चुकीचा तोडला तर?"

"तर चुकीचा तोडलास. बेट तर मरायलाच लागलंय. आता कुणाला विचारतेस?"

मग मी दुसराच एक बांबू तोडला. आई बघत होती म्हणून आधी कोयत्याच्या पाठीने ठोकला, कान दिला, तुमच्यासारखीच मान डोलावली. बाबा, मला काही कळलं नाही. सगळे सारखेच वाजले. हा हातात बरा बसला, एवढंच. मधल्या पेरात तो जरा वाकडा आहे. चुलीवर शेकून, तेल लावून, गुडघ्यावर दाबून पाहिला. बाक थोडा राहिलाच. आता चुलीवरच्या माळ्याला धुरात टांगलाय. पाऊस ओसरला की दोरी-गरी लावून काळू नदीच्या डोहावर गळ टाकून बसेन. मोडला तर मोडला, असं म्हणायची सवय करते आहे.

बेट साफ करायला माणसं येणार आहेत. त्याआधी चिंधी तरी सोडून आण, असं आईने मला दोनदा सांगितलं. गाठ फार घट्ट बसलीय, सुटत नाही, असं मी तिला सांगितलं. खरं तर मी ती ओढून पाहिलीच नाही.