हात न लावलेली पत

प्रिय ठकू,

कर्जाचं काय झालं, असं तू फोनवर विचारतेस. मी ‘होईल, होईल’ म्हणतो आणि फोन तुझ्या आईच्या हातात कोंबतो. तुझ्या लक्षात आलंच असणार. तोंडाने मला खोटं बोलता येतं, लिहिताना मात्र हात अडतो, म्हणून आज कागद घेऊन बसलोय. कामाच्या टेबलावरच. समोर चार कवळ्या मांडल्यात आणि चारही माझ्याकडे बघून हसतायत. त्यांचं काय जातंय हसायला!

कानांच्या तपासणीच्या अभ्यासक्रमाला तुला जागा मिळाली, त्या दिवशी मी समोरच्या इस्त्रीवाल्याला म्हटलं, आता दात माझ्याकडे, कान लेकीकडे, नाकाला तेवढा एक जावई बघायचा. तो तीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होता. या शुक्रवारपर्यंत फी भरायची, फीसाठी कर्ज काढायचं आणि कर्जाच्या अर्जावर तुझ्याबरोबर माझी सही. सही करून मी खाली रुबाबात रेघ ओढली. तू म्हणालीस, बाबा, रेघ नको होती. मी आनंदात होतो गं.

आता जुनं सांगतो, तुला अर्धंच माहीत असलेलं. तू आठवीत असताना दात भाजायची मोठी भट्टी मी कर्जाने घेतली. त्याच वर्षी मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी यंत्रावर कापलेले दात बाहेरून मागवायला सुरुवात केली. माझं निम्मं काम त्यांच्याकडूनच यायचं. आठ हप्ते चुकले. बँकेच्या माणसाचा फोन आला की मी संडासात जाऊन बसायचो. शेवटी आईचं शिवणयंत्र आणि माझी मोटरसायकल विकली, बँकेशी तडजोड केली आणि एकरकमी पैसे भरले. त्या संध्याकाळी आपण तिघांनी आइसक्रीम खाल्लं. कशाबद्दल, म्हणून तू विचारलंस, तर मी म्हटलं, भट्टीचा वाढदिवस आहे.

पैसे भरले तरी नाव खराब झालंच होतं. तेव्हा शेजारचे चष्मेवाले काका म्हणाले की, पत एकदा बिघडली की तिच्या मागे लागायचं नाही, सहा-सात वर्षांत ती आपोआप सुधारते. मला ते लगेच पटलं, कारण माझा धंदाच तसा आहे. साच्यात प्लास्टर ओतलं की त्याला बोट लावायचं नाही, हे माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं. तू लहानपणी एकदा ओल्या साच्यात बोट खुपसलंस आणि एका आजोबांना आठवडाभर नुसत्या पातळ खिचडीवर राहावं लागलं, तेव्हा मी तुझ्यावर केवढा ओरडलो होतो! तोच नियम मी पतीलाही लावला. (पत म्हणजे बँकेतली, आई वाचेल तर म्हणेल, पतीलाच लावायला हवा होता.) सहा वर्षं कर्ज नाही, कार्ड नाही, बँकेची पायरी नाही. बँकेची पाकिटं आली की न फोडता मेणाच्या डब्यात ठेवायची. आई दर वेळी म्हणायची, एकदा उघडून तरी बघा. मी म्हणायचो, तुला धंद्यातलं काय कळतं! सगळं तिलाच कळत होतं.

गेल्या महिन्यात तुझा अर्ज घेऊन गेलो. कर्जाच्या टेबलावर तुझ्याच वयाची मुलगी होती. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. तडजोडीच्या वेळी व्याजाची थोडी बाकी राहून गेली होती, दातांच्या एका पेटीच्या किमतीपेक्षाही कमी. तेवढ्यासाठी ते खातं कधी बंदच झालं नव्हतं आणि दर महिन्याला माझ्या नावावर ‘थकीत’ अशी नवी नोंद पडत होती. डाग फिका होतोय असं समजून मी वर्षं मोजत होतो, आणि तो दर महिन्याला नव्याने लागत होता. घरी येऊन पाकिटं फोडली. प्रत्येकात हेच लिहिलं होतं. पैसे त्याच दिवशी भरले. ती मुलगी म्हणाली, काका, आता खातं बंद झालं, सुधारणा आजपासून धरा. तिचा आवाज चांगला होता. मी पावती घडी करून खिशात घातली.

तुला मी सांगितलं की बाकी भरली, आता काम होईल. ते झालेलं नाही, ठकू. नकार येऊन आज बारा दिवस झाले. आणखी दोन ठिकाणी विचारलं, तिथेही माझं नाव बघून नाहीच म्हणाले. आई अजून म्हणते, तीन दिवस आहेत, काहीतरी होईल. काही होणार नाही. आज मी तुझ्या कॉलेजात फोन करून नीट विचारून घेतलं. शुक्रवारी फी न भरता जागा गेली, तर दोन वर्षं तुला अर्ज करता येणार नाही आणि अनामतही बुडेल. पण त्याआधी तू स्वतः जागा सोडत असल्याचं लिहून दिलंस, तर अनामत परत मिळेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल. मी आणखी तीन दिवस गप्प बसलो असतो तर तेही गेलं असतं, म्हणून हे पत्र. पुढच्या वर्षी पैसे कुठून येतील ते मला माहीत नाही. येतील, असं लिहीत नाही. सहीला दुसरं कुणी शोध, माझं नाव कुठल्याही कागदावर घालू नकोस. उद्या सकाळी इस्त्रीवाला तिकडे निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. मिळाल्या मिळाल्या कॉलेजच्या ऑफिसात जा. आधी जागा सोडल्याचा अर्ज दे, रडायचं ते नंतर रड.

तुझाच, तुझी जागा घालवलेला,
बाबा