शनिवार पेठेतला शेवटचा भोंगा

३ नोव्हेंबर, सोमवार
शनिवार पेठेतल्या सरकारी इमारतीच्या गच्चीवरचा भोंगा आज मोबाइलमध्ये भरला. लहानपणी रोज नऊला वाजायचा. मला घड्याळ कळायच्या आधी भोंगा कळला. वाजला की आई तवा उतरवायची. आता नुसता महिन्याच्या पहिल्या सोमवारी, टेस्टिंगला.
रेकॉर्डिंग वाया. रिक्षावाला हॉर्न मारत होता. त्याला फक्त समजावलं.

संध्याकाळी
बाबुराव म्हणजे गावोगावचे भोंगे भरून ठेवणाऱ्या आमच्या ग्रुपचे ॲडमिन, मिरजेचे. म्हणाले, ताई, रिक्षावाल्याच्या खानदानाचा उद्धार स्पष्ट आलाय, भोंगा परत पाठवा. खुसपटं काढायची सवय, दुसरं काय.

९ नोव्हेंबर
तिथला वॉचमन म्हणाला, भोंगा उतरवणार. एक तारखेला शेवटचा वाजेल. म्हणजे एकच चान्स. त्या दिवशी तोंडातून ब्र काढायचा नाही. सोपं आहे. मी मुळात कमी बोलते.

१६ नोव्हेंबर
प्रॅक्टिस. मौन धरून कुकरच्या शिट्ट्या भरायला बसले. ह्यांनी चहा मागितला. मौन मोडलं ते जेवणापर्यंत मोडलेलंच. चूक ह्यांची.

२३ नोव्हेंबर
शेजारच्या इंदुबाई म्हणाल्या, आवाज कसला भरून ठेवता, लोणचं आहे का? म्हटलं, तुमच्या लोणच्याला बुरशी येते, ह्याला नाही येणार. तरी म्हणे, मीपण येते बघायला.

३० नोव्हेंबर
बॅटरी फुल. बाबुरावांना कळवलं, उद्या पुण्याचं नाव काढते.

१ डिसेंबर, दुपारी
भरला! अख्खा! रस्त्यावरच्या लोकांना नीट गप्प केलं. इंदुबाई मध्येच 'अगंबाई' म्हणाल्या, ते तिथल्या तिथं मिटवलं. डोळे मिटले तर आई दिसली, तव्यापाशी. न ऐकताच पाठवून दिला. खात्री असली की तपासायचं कशाला?

संध्याकाळी
बाबुराव विचारतात, ताई, मागे बारीक काहीतरी वाजतंय, ते काय? कान गेले माणसाचे.

३ डिसेंबर
काल भोंगा उतरवला. बघायला गेले नाही.
आज सकाळी ह्यांच्या मोबाइलचा अलार्म झाला. म्हणे, तुझी क्लिप लावलीय, तुला बरं वाटावं म्हणून. डोळे मिटून पडून राहिले. आई दिसेल म्हणून.
'ओ, गप्प बसा की सगळे! ऐकू द्या जरा! इंदुबाई, मिटा तोंड! ए स्कूटर, तुला वेगळं सांगू का?'
शेवटपर्यंत मीच.
ह्यांना विचारलं, अहो, ह्यात भोंगा कुठंय?
हे म्हणाले, तू श्वास घेतेस ना, तिथं आहे थोडा.
म्हटलं, परत लावा.