लाल थेंब

३ जुलै, रविवार

सापडला! आईच्या पलंगाखालच्या खोक्यात. तिचाच कीबोर्ड, बंदराच्या कस्टम कचेरीतला. कचेरीनं भंगारात काढला तेव्हा हिनं उचलून आणला होता. झटका आल्यापासून जीभ गेली, नजर गेली, मानेनं हो-नाहीसुद्धा धड होत नाही. पण उजवा हात शाबूत आहे. आणि तो हात हा कीबोर्ड विसरणार नाही, पैज!

बाजारात जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या वाल्डेमारला दाखवला. म्हणाला, "वायर कापू नकोस रे बाबा. हा स्वतःच्या भाषेत बोलतो, आजचा कॉम्प्युटर त्याच्या. मध्ये दुभाष्या बसव." बोटाएवढी सर्किटची पट्टी दिली, वर जुनाट तक्ता. कुठल्या बटणाचा कुठला आकडा, सगळं त्यात.

घरी येऊन एकेक बटण काढून धुतलं. आत बिस्किटांचा भुगा, केस, काय नाही! एका बटणावर लाल नखरंग सांडलेला, तो चाकूनं खरवडला. आरसा झालाय नुसता.

५ जुलै

पट्टीच्या तारांना कथलाचे डाग देणं चालू. टेबल एकच, ते आईच्या पलंगाशी. धूर माझ्या छातीला सोसत नाही, लहानपणापासूनच, म्हणून खिडकी सताड उघडी. इथला जुलै म्हणजे ऐन हिवाळा, नदीवरचं वारं बोचतं, पण इलाज नाही.

आई सारखा हात खिडकीकडे नेते. बंदराचे भोंगे ऐकायचे असणार. सगळा जन्म तिथे गेला बिचारीचा! पडदाही बाजूला सारला.

८ जुलै

चालला!! माझं नाव टाइप केलं — एल्बिओ — जसंच्या तसं उमटलं. आईच्या मांडीवर ठेवला. तोंडाची जी बाजू हलते तेवढ्या बाजूनं हसली. बोटं चाचपडली, थांबली, मग सुटलीच!

कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसता कचरा. एक शब्द लागेना.

माझंच काहीतरी चुकलं. उद्या सगळे डाग पुन्हा.

९ जुलै

पुन्हा कचरा. ती टाइप करून थांबते. कान देऊन बसते.

११ जुलै

बहीण आली, झुल्मा. पाऊस, म्हणून तळलेल्या पुऱ्या घेऊन. माते, आपला कडू पाल्याचा चहा, पीत बराच वेळ पाहत बसली, मग म्हणाली, "तू टाइप केलंस की बरोबर, तिनं केलं की कचरा. मग बिघडलंय काय, सांग ना?"

"दुभाष्या."

"अरे शहाण्या, आईचं डोकं गेलंय. तुला कळतंय, पण वळत नाही. मी वृद्धाश्रम बघून ठेवलाय."

मी ओरडलो. ती रडली. आई मध्ये बसून सगळं ऐकत होती, आणि मी तिचा हात धरला. हात बर्फासारखा होता.

ती गेल्यावर पुन्हा डाग द्यायला बसलो. खिडकी उघडली.

१२ जुलै

आज एकच ओळ. मग आईनं स्वतःच कीबोर्ड बाजूला सारला.

१४ जुलै

आईला ताप. रात्रीतून छाती भरली. इस्पितळ. नळ्या, मुखवटा. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. बघतोय. दुसरं काय हातात आहे!

१५ जुलै

झुल्मा आईचे कपडे न्यायला घरी आली. सहज कीबोर्डवरून हात फिरवला आणि थबकली.

"थेंब कुठाय रे?"

"कसला थेंब?"

"नखरंगाचा! तिनं मुद्दाम लावलेला. न बघता बोट त्यावर टेकवायची, तिथून बाकीची बटणं. मी लहानपणी खोडायला गेले, तर केवढं धपाटलं होतं मला!"

म्हणजे हात एक घर सरकला होता. एवढंच! आईचं डोकं ठिकाणावर होतं.

१६ जुलै

तिनं टाइप केलेलं सगळं आहे कॉम्प्युटरवर. प्रत्येक अक्षर एक बटण मागे घेऊन वाचलं.

आठ तारखेला: "एल्बिओ, खिडकी लाव. थंडी वाजते."

नऊला: "खिडकी."

दहाला, अकरालाही तेच.

बाराची ओळ: "राहू दे उघडी. तुला धूर बाधेल."