पिसांतलं शिसं

१२ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही लिहिलं नाहीत, तरी तुम्ही चहा-पावावर दिवस काढताय हे मला कळतं. इथे बेटावर मी आणि बाराशे समुद्रपक्षी. त्यांच्याशीच बोलते. तेही तुमच्यासारखेच, मधेच पाठ फिरवतात.

पिल्लांच्या छातीची पिसं तपासायला पाठवली होती. पीस वाढताना रक्तातला धातू त्यात उतरतो. अहवाल आला, शिसं भलतंच निघालं. पिल्लं अजून उडालेलीही नाहीत, म्हणजे आईबापांनी भरवलेल्या माशांतूनच आलं. आणि ते मासे आणतात तुमच्या किनाऱ्याकडून.

तुमचा बॅटरीचा कारखाना बंद झाला, तेव्हा गाळ ट्रकने नेला असं तुम्ही सांगायचात. खरंच ट्रकने नेला का?

गोळ्या चुकवू नका. तुमची आठवण काढणारी,
चिमी

४ एप्रिल

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून टेबलावर आहे. 

ट्रक नव्हते, पडाव होता, माल वाहायची होडी. मी फोरमन. सात दिवस गाळाची पिंपं भर समुद्रात सोडली. साहेब म्हणाले की समुद्र मोठा आहे, सही करून टाका. मी केली. तुझ्या आईने विचारलं तेव्हा ट्रक म्हणालो, मग सगळ्यांना तेच सांगत आलो. ती गेल्यावर वाटलं, आता खरं सांगावं असं कोणी उरलं नाही. तू होतीस, हे लक्षातच आलं नाही.

सोबत माझा जबाब आहे. अहवालाला जोड. नाव गाळू नकोस.

यानंतरही दोन ओळी लिहीत जाशील, एवढीच आशा.
बाबा

२९ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार.

तीन दिवस तुमच्याशी भांडले, भिंतीकडे तोंड करून. चौथ्या दिवशी जबाब अहवालाला जोडून प्रदूषण खात्याला धाडला. नाव खोडायला दोनदा पेन उचललं, पण खोडलं नाही.

बरीच पिल्लं उडाली. एकवीस उडाली नाहीत. ती मी मोजून पुरली.

पिंपं शोधायला खात्याची बोट पुढच्या सोमवारी निघतेय. त्यांना जागा दाखवणारा माणूस हवा होता, मी तुम्हाला सुचवलंय. चौकशी होईल, कदाचित शिक्षाही. ते मी हलकं करून सांगत नाही.

तुम्हाला घेऊन बोट आधी दोन दिवस इथे बेटावर थांबेल, मग शोधाला जाईल. दुसऱ्या खाटेवर माझ्या वह्यांचा ढीग होता, तो आज उचलला.

राग आहेच. तरी या.
चिमी