बाथरूममधलं मुखपृष्ठ

१२ जानेवारी

चि. ठकूस, अ. उ. आ.

रागावले असले तरी आशीर्वादात काटछाट करत नाही. काल तुझ्याकडे हात धुवायला आत गेले आणि बघते तर काय, तुझ्या लग्नात मी दिलेलं मुखपृष्ठ शॉवरसमोर टांगलेलं! अगं, शंभर वर्षांहून जुन्या मासिकाचं पान आहे ते. स्टुलावर पाय टाकून ऐटीत पेपर वाचणारी ती बाई मला एका बंद पडलेल्या छापखान्यात, शाईच्या डब्यांखाली सापडली होती. माझ्या घरी भिंतभर मुखपृष्ठं आहेत, पण तिच्या तोडीचं एक नाही. आता काचेच्या आत पाणी सुटलंय, कागद फुगलाय, खालची कड तपकिरी पडलीय.

तुझे बाबा म्हणाले होते, पोरीला मिक्सर दे. भावाचं ऐकायला हवं होतं. जपता येत नसेल तर परत पाठव.

आज तरी नावापुरतीच,
तुझी आत्या

१७ जानेवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

नमस्कार मनापासून, पण रागही मनापासूनच. ते चित्र मी हॉलमध्ये, सोफ्याच्या वर लावलं होतं. सासरे म्हणाले की, दारातून आत येणाऱ्याला आधी पाय पसरलेली बाई दिसावी, हे काही बरं नाही. मी ऑफिसला गेले तेव्हा त्यांनी ते उतरवलं. ह्यांनी मधला मार्ग म्हणून बाथरूममध्ये टांगलं, वर म्हणाले की, तिथे तुला रोज दिसेल. मी भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. उपयोग शून्य.

आणि तू? चित्र बघून बाहेर आलीस, त्याच सोफ्यावर बसलीस, सासऱ्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्यास. सगळ्या खानदानात फटकळ म्हणून तुझी ख्याती, आणि नेमकी तिथे मूग गिळून बसलीस! घरी जाऊन पत्रातून माझ्यावर तोफ डागायला काय लागतं?

रुसलेली, तरी तुझीच,
ठकू

२ फेब्रुवारी

चि. ठकूस, अ. उ. आ.

तुझं पत्र झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. तू ऑफिसात असताना परवा तुझ्या घरी जाऊन आले, हे कळलंच असेल. काय झालं ते माझ्याकडून ऐक.

सासऱ्यांनी चहा विचारला. म्हटलं, चहा नको, चित्र हवंय. सुनेची वस्तू तिला न विचारता उतरवलीत कशी? ते म्हणाले, घराला काही शिस्त असते, बाईमाणसाने असे पाय टाकून बसणं शोभत नाही. मी म्हटलं, तुमचे स्वतःचे आत्ता कुठे आहेत बघा. टीपॉयवर होते! चटकन खाली घेतले.

मी चित्र भिंतीवरून उतरवलं आणि थेट फ्रेमवाल्याकडे गेले. त्याने कागद सुकवून सरळ केला, पण डाग जाणार नाही म्हणाला. खालची पट्टी कापू, चित्र नव्यासारखं दिसेल, असंही सुचवलं. पट्टीबरोबर तिचे पाय गेले असते! माझा असा पारा चढला की तो दुकानाबाहेर येऊन माफी मागायला लागला. डागासकट पाठवते आहे. कुठे लावायचं ते तू ठरव. मला विचारू नकोस, त्यांनाही नको.

तुझं म्हणणं पटलेली,
आत्या

१० फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

चित्र पोचलं. रविवारी सगळे घरात असताना हातोडी घेतली आणि हॉलमध्ये, पहिल्याच जागी लावलं. ह्यांनी मदतीला हात पुढे केला. मी म्हटलं, बाजूला व्हा. खिळा जरा वाकडा गेला, पण माझा मी मारला.

सासरे कडाडले की, ही बाई डोळ्यांसमोर असेपर्यंत ते हॉलमध्ये बसणार नाहीत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई बोलल्या. लग्न झाल्यापासून मी त्यांना सासऱ्यांपुढे चकार शब्द काढताना पाहिलेलं नव्हतं. शर्टाचं बटण शिवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या की, मग खुर्ची फिरवून बसा.

आता ते भिंतीकडे पाठ करून पेपर वाचतात.

तुझ्यावरचा राग थोडा शिल्लक आहे, तो न्यायला ये. माया आहे तेवढीच राहू दे.

तुझी,
ठकू